एसएसडीच्या पोटातली चिप नक्की कुणाची? आणि "वरून माल नाही" मधलं "वर" म्हणजे कुठे?

गंजका खिळा (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. माझं मिरजेत छोटं दुकान आहे, कॉम्प्युटर रिपेअरिंग, सीसीटीव्ही, प्रिंटरची शाई, जे येईल ते. गेले काही महिने एसएसडी (कॉम्प्युटरमध्ये हार्डडिस्कच्या जागी बसते ती चिपवाली) आणि मेमरी कार्डाचा रेट असा झालाय की सकाळी विचारलेला भाव संध्याकाळी लागू नाही. मागच्या वर्षी साडेचार हजाराला बसवून दिलेली 1 टीबीची एसएसडी आता त्याच गिऱ्हाइकाला दुपटीच्या वर सांगताना मलाच चोरट्यासारखं होतं. डीलरला फोन केला की एकच उत्तर, "वरून माल नाही". पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरला विचारलं तर तोही तेच, वरून माल नाही.

आता हे "वर" म्हणजे कोण? परवा हौस म्हणून तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मेलेल्या एसएसडी उघडून बसलो. दोघांच्या आत तंतोतंत एकाच कंपनीची चिप, आणि तिसरीच्या चिपवर त्या ब्रँडचं स्वतःचं नाव छापलेलं, पण माझ्या माहितीप्रमाणे त्या ब्रँडचा चिपचा कारखानाच नाही! मग हे स्पर्धक आहेत का भाऊबंद?

माझं स्पष्ट मत असं की हे लासलगावच्या कांद्यासारखं आहे. चार-पाच मोठे व्यापारी, ते बोली लावतील तो भाव. बाकी सगळी स्पर्धा बॉक्सच्या रंगाची. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पापडखार

वाचतोय.

शेवग्याची शेंग

मी पण. खुर्ची धरली आहे.

होकायंत्र

खिळेभाऊ, प्रश्न झकास आहे. मी बेंगळुरूला स्टोरेजच्या फर्मवेअरमध्ये (म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) आहे आणि मध्ये काही वर्षं कामानिमित्त जपानला योक्काइचीला जाऊन-येऊन होतो, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

आधी "वर" कोण ते. जगात नँड फ्लॅशचं (एसएसडी, पेनड्राइव्हमध्ये डेटा साठवते ती चिप) वेफर, म्हणजे ज्यातून चिपा कापतात ती सिलिकॉनची चकती, मोठ्या प्रमाणावर बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. कोरियाचे सॅमसंग आणि एसके हायनिक्स, जपानची कियॉक्सिया (म्हणजे जुनी तोशिबा मेमरी), अमेरिकेचे मायक्रॉन आणि सॅनडिस्क, आणि चीनमधल्या वुहानची वायएमटीसी. संपली यादी. दुकानात तुम्हाला जे वीस-पंचवीस ब्रँड दिसतात त्यातले बाकी सगळे यांच्याकडून घेतात. कुणी तयार चिप घेतो, कुणी अख्खं वेफर घेऊन कापणं आणि पॅकिंग दुसरीकडे करून घेतो. तुमच्या तिसऱ्या एसएसडीवर ब्रँडचं स्वतःचं नाव होतं ना, ते असं. पीठ दुसऱ्याचं, भाकरी आपली.

शिवाय एसएसडीत नुसती चिप नसते, एक कंट्रोलर असतो जो डेटा कुठे लिहायचा, कुठला ब्लॉक खराब झाला हे सगळं सांभाळतो. तो बहुतेक छोट्या ब्रँडांकडे तैवानच्या फायसन किंवा सिलिकॉन मोशनचा असतो. म्हणून दोन ब्रँडमध्ये कधीकधी खरोखरच स्टिकरचा फरक असतो.

आणि भाऊबंद म्हणालात तेही अगदीच चूक नाही. कियॉक्सिया आणि सॅनडिस्क बाजारात एकमेकांच्या विरोधात विकतात, पण दोघांच्या चिपा येतात योक्काइचीच्या (आणि वर इवाते प्रांतात किताकामीच्या) त्याच कारखान्यातून. तेच मशीन, तीच लाइन. उत्पादनाचा साधारण अर्धा-अर्धा वाटा.

मोगरा

म्हणजे एका चुलीवर दोन सुनांचा स्वयंपाक आणि पंगतीत मात्र कुणाची आमटी चांगली यावर भांडण :D

होकायंत्र

@मोगरा, हो, आणि चूल सासूच्या नावावर! जमीन आणि इमारत कियॉक्सियाची, कारखाना चालवतेही तीच, मशिनरी मात्र दोघांच्या संयुक्त कंपन्यांच्या नावावर. गंमत खर्चाच्या वाटणीत आहे. सॅनडिस्कला वेफर जवळपास उत्पादन खर्चात मिळतं, पण उद्या बाजार पडला आणि त्यांनी म्हटलं यावेळी कमी द्या, तरी कारखान्याच्या ठरलेल्या खर्चातला त्यांचा अर्धा वाटा सुटत नाही. मेस लावल्यासारखं, तुम्ही जेवा न जेवा महिन्याचे पैसे द्या. त्यामुळे मंदीत दोघंही एकदम बुडतात आणि तेजीत दोघंही एकदम तरतात.

कंटाळेश्वर

हे चांगलं आहे की वाईट? मला तर हे उघड संगनमत वाटतं.

होकायंत्र

संगनमत म्हणण्याआधी इतिहास बघा. तोशिबा आणि सॅनडिस्कची ही जोडी 1999-2000 पासूनची. एका कारखान्याला इतका पैसा लागतो की एकट्याने घालायची हिंमत फार थोड्यांची. पुढे 2016 मध्ये सॅनडिस्कला वेस्टर्न डिजिटलने विकत घेतलं. इकडे तोशिबाचं अणुभट्ट्यांचं अमेरिकन लफडं, वेस्टिंगहाउस, मार्च 2017 मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि खड्डा एवढा मोठा की तोशिबाला घरातली दुभती म्हैसच विकायला काढावी लागली, म्हणजे मेमरीचा धंदा.

आता म्हैस कुणाला विकायची यावर जो राडा झाला तो वाचण्यासारखा आहे. वेस्टर्न डिजिटल म्हणाली, आमच्या परवानगीशिवाय विकताच येणार नाही, आम्ही भागीदार आहोत, आणि थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. म्हणजे वरती वकील एकमेकांना नोटिसा देतायत आणि खाली कारखान्यात दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर एकाच लाइनवर नेहमीसारखे काम करतायत. डिसेंबर 2017 मध्ये तडजोड झाली आणि 2018 च्या जूनमध्ये साधारण 2 लाख कोटी येनला बेन कॅपिटल या अमेरिकन गुंतवणूक कंपनीच्या गटाने धंदा घेतला. 2019 मध्ये नाव बदलून कियॉक्सिया झालं.

आणि त्या गटात कोण कोण होतं बघा, ह्यातच खिळेभाऊंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ॲपल, डेल, सीगेट, किंग्स्टन. हे सगळे गिऱ्हाईक! आणि एसके हायनिक्स, जो थेट स्पर्धक, त्याने सुमारे 39,500 कोटी येन घातले. म्हणजे दूध घेणाऱ्यांनीच म्हशीत पैसे घातले, आणि शेजारच्या गोठेवाल्यानेही.

शेवग्याची शेंग

हायनिक्सने का घातले पण? स्पर्धक बुडत असेल तर बुडू द्यावं ना.

होकायंत्र

कारण ती म्हैस चीनच्या किंवा दुसऱ्या एखाद्या तगड्या स्पर्धकाच्या दावणीला गेली तर आणखी महागात पडलं असतं. आणि त्या पैशाचा उपयोग पुढे झालाच. 2023 मध्ये वेस्टर्न डिजिटलचा फ्लॅश धंदा आणि कियॉक्सिया एकत्र करायची बोलणी जवळजवळ जमली होती, ऑक्टोबरमध्ये फिसकटली, आणि आडवं येणाऱ्यांत हायनिक्स उघडपणे होतं. मग कियॉक्सिया डिसेंबर 2024 मध्ये टोकियोच्या शेअर बाजारात आली आणि सॅनडिस्क फेब्रुवारी 2025 मध्ये वेस्टर्न डिजिटलपासून वेगळी झाली.

पापडखार

एवढ्या सोयरिकी तर आमच्या सांगली जिल्ह्याच्या राजकारणातही नाहीत.

मॉडरेटर

राजकारण इथे नको, त्याला वेगळा विभाग आहे.

पापडखार

साखर म्हणालो नाही तरी मॉडरेटर आले :)

सदाशिव_पेठी

थोडं अवांतर. फ्लॅश मेमरी ज्या माणसाने शोधली त्याचं नाव कुणीच घेतलं नाही अजून. फुजिओ मासुओका, तोशिबाचेच. 1984 मध्ये पहिल्या प्रकारची फ्लॅश आणि 1987 मध्ये नँड त्यांनी जगापुढे मांडली. फ्लॅश हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, सगळा डेटा एका झटक्यात पुसला जातो तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा वाटतो म्हणून. कंपनीने तेव्हा फार काही किंमत केली नाही. ते पुढे विद्यापीठात शिकवायला गेले आणि 2004 मध्ये स्वतःच्याच जुन्या कंपनीवर 100 कोटी येनचा दावा लावला. 2006 मध्ये 8 कोटी 70 लाख येनवर मिटवलं. ज्या शोधावर पुढे 2 लाख कोटींचा धंदा उभा राहिला त्याच्या बापाला एवढे!

कंटाळेश्वर

आमच्या ऑफिसात पेटंट काढलं की एक कॉफीचा मग देतात. त्या मानाने जपानी उदार म्हणायचे.

मोगरा

मगावर कंपनीचा लोगो असतो का? असला तर तुम्हीच जाहिरातीचे पैसे मागा.

सदाशिव_पेठी

@मोगरा हाहा. अजून एक, धाग्याच्या विषयाला धरून. तोशिबाने 1992 मध्ये नँडचं डिझाइन सॅमसंगला लायसन्सवर दिलं. आज वाचून वाटतं हा काय मूर्खपणा, पण तेव्हा गिऱ्हाईकच म्हणायचं की एकाच कंपनीकडे मिळणारा माल आम्ही आमच्या यंत्रात घालणार नाही, दुसरा पुरवठादार दाखवा. म्हणजे बाजार उभा राहावा म्हणून स्वतःच्या हाताने स्पर्धक तयार करावा लागला. तो इतका मोठा झाला की पुढे दोन दशकांहून जास्त काळ पहिल्या नंबरावर बसला.

चाकणचा चाकरमानी

आता मी बोलतो, कारण हा सगळा वरचा इतिहास आहे आणि मी खाली उभा राहून मार खाणारा माणूस आहे. चाकणला गाड्यांच्या डॅशबोर्डचे डिस्प्ले बनवणाऱ्या कंपनीत परचेसला आहे, अठरा वर्षं झाली.

फ्लॅशच्या दोन किमती असतात. एक कॉन्ट्रॅक्ट रेट, जो मोठी गिऱ्हाइकं दर महिन्याला नाहीतर तिमाहीला बसून ठरवतात. दुसरा स्पॉट रेट, म्हणजे आठवडी बाजार. फोनवाले, सर्व्हरवाले कॉन्ट्रॅक्टवर. खिळेसाहेब तुमचा डीलर, त्याचा डिस्ट्रिब्युटर आणि ते स्टिकरवाले छोटे ब्रँड बहुतेक स्पॉटच्या जवळ. तेजी आली की आधी भडकतो स्पॉट, मंदीत आधी कोसळतोही स्पॉट. म्हणून तुमचा रेट सकाळ-संध्याकाळ बदलतो आणि फोनची किंमत तेवढी हलत नाही.

आणि टंचाईत "काय भाव" हा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो "ॲलोकेशन किती". पुरवठादार ठरवतो यंदा तुम्हाला इतके. तुम्ही पैसे जास्त देतो म्हणालात तरी हसतात. रांगेत पुढे कोण, तर ज्याने आधीच पैसे मोजलेत. ॲपलने 2005 सालीच हे ओळखलं होतं, आयपॉड नॅनोच्या वेळी. सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन, इंटेल, तोशिबा अशा पाच जणांशी 2010 पर्यंतचे करार केले आणि 125 कोटी डॉलर ॲडव्हान्स मोजले. पाचही पुरवठादार एकाच वेळी बांधून घेतले, एकावरच अवलंबून राहायला नको म्हणून. तेव्हा लोक म्हणाले गाणी ऐकायच्या डबीसाठी एवढे पैसे? ज्यांनी मोजले नाहीत ते पुढची काही वर्षं उरलंसुरलं गोळा करत बसले.

आमच्यासारख्यांना थेट कंपनी दारातही उभं करत नाही, अधिकृत डिस्ट्रिब्युटरमार्फत जा. आणि आमचा दुसराच रोग. गाडीला दहा-बारा वर्षं तोच पार्ट लागतो आणि फ्लॅशवाल्यांची पिढी दोन वर्षांत बदलते. एक दिवस ईमेल येतो, हा पार्ट बंद होतोय, शेवटची ऑर्डर अमुक तारखेपर्यंत द्या. मग बसा अंदाज करत की पुढच्या सहा वर्षांत किती गाड्या विकतील. जास्त घेतला तर गोडाऊनमध्ये पैसा कुजतो, कमी घेतला तर लाइन थांबते आणि लाइन थांबली की गाडीवाले तासाच्या हिशोबाने दंड लावतात.

मागच्या टंचाईत एकदा लाइन थांबायची वेळ आली म्हणून बाहेरच्या एका ब्रोकरकडून चिपांची दोन रीळ घेतली. कागदपत्रं चोख, सील चोख. टेस्टिंगला लावली तर निम्म्या चिपा जुन्या बोर्डावरून काढून, घासून, नवीन नंबर छापलेल्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं तो आवाज अजून कानात आहे.

तिठ्यावरचा

चाकणकर, तुमचं रीळ गेलं, माझ्या मेव्हण्याचं लग्न गेलं. एका बाजारातून "1 टीबी"चा पेनड्राइव्ह घेतला चारशे रुपयात. फोटोग्राफरने सगळे फोटो, व्हिडिओ त्यात कॉपी करून दिले आणि आपल्याकडचे पुसले. घरी येऊन लावला तर हळद दिसते, घाणा भरणं दिसतं, लग्नाचे फोटो उघडतच नाहीत. नंतर कळलं की आत 8 जीबीची चिप, आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं की मी 1 टीबी आहे. भरली की तो जुन्यावरच नवीन लिहितो नाहीतर हवेत सोडतो, आणि कॉपी मात्र पूर्ण झाली म्हणून सांगतो.

आता बहीण म्हणते, तुझ्यामुळे आमचं लग्न लागल्याचा पुरावा नाही.

मोगरा

मेव्हणे काय म्हणतात? की ते खूश आहेत?

तिठ्यावरचा

ते गप्प आहेत. माणूस धोरणी आहे.

होकायंत्र

@तिठ्यावरचा, पुढच्या वेळी नवीन ड्राइव्ह घेतला की एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे ते चालवा, पूर्ण भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो पण खोटी साइज लगेच उघडी पडते.

कंटाळेश्वर

माझा मूळ मुद्दा राहिलाच. संगनमत. मेमरीवाल्यांना याआधी शिक्षा झालेली आहे. डीरॅमच्या (कॉम्प्युटरची रॅम, वीज गेली की पुसली जाते ती मेमरी) भावात संगनमत केलं म्हणून 2005 मध्ये अमेरिकेत सॅमसंगने 30 कोटी डॉलर आणि हायनिक्सने साडेअठरा कोटी डॉलर दंड भरला, गुन्हा कबूल करून. हे मी नाही म्हणत, कोर्टात झालंय. मग फ्लॅशमध्ये हीच माणसं एकदम साधू झाली?

चाकणचा चाकरमानी

तो डीरॅमचा मामला होता. नँडचीही 2007 च्या सुमारास अमेरिकेत चौकशी झाली होती, खटला काही उभा राहिला नाही. मी त्यांचा वकील नाही, मला उलट त्यांचा राग आहे, पण एक सांगतो, 2022-23 आठवा. कोविडमधली लॅपटॉपची मागणी ओसरली आणि सगळ्यांकडे माल तुंबला. कियॉक्सियाने ऑक्टोबर 2022 पासून वेफर 30 टक्के कमी केले, मायक्रॉननेही कपात केली. सॅमसंग मात्र अडून बसलं, आम्ही कमी करणार नाही, बघू कोण आधी मरतं. शेवटी एप्रिल 2023 मध्ये त्यांनीही कबूल केलं. त्या वर्षी सॅमसंगच्या चिप विभागाला जवळपास 15 लाख कोटी वॉन तोटा झाला. संगनमत असतं तर एवढा मार खाल्ला असता का?

कंटाळेश्वर

एकाने कपात जाहीर केली, दुसऱ्याने पेपरात वाचली, तिसऱ्याने मान डोलावली. खोलीत बसून ठरवायची गरजच काय, पाच-सहाच तर लोक आहेत. आमच्या गल्लीतले तीन सलूनवाले कधी मीटिंग घेत नाहीत, पण कटिंगचा रेट एकाच सोमवारी वाढतो.

चाकणचा चाकरमानी

हे मात्र पटलं. कायद्यात बसत नाही म्हणून घडत नाही असं नाही.

बटाटेवडा_आयडाहो

मी अमेरिकेत बॉइझीला राहतो, मायक्रॉनच्या गावात (नोकरी तिथे नाही, आधीच सांगतो). कांद्याचा विषय निघालाय तर बटाट्याचं सांगतो. मायक्रॉन 1978 मध्ये इथे एका दाताच्या दवाखान्याच्या तळघरात सुरू झाली, आणि तिला सुरुवातीच्या काळात पैसा घातला तो जे. आर. सिम्प्लॉट नावाच्या बटाट्याच्या धनाढ्याने, जो मॅकडॉनल्ड्सला फ्रोझन फ्राइज पुरवायचा. इथले जुने लोक म्हणतात म्हाताऱ्याला चिपमधलं काही कळत नव्हतं, पण भाव पडलेला असताना पेरायचं हे त्याला कळत होतं. खरंखोटं देव जाणे, पण धंदा तसाच आहे. भाव चढला की सगळे नवीन कारखाने काढतात, ते उभे राहायला दोनेक वर्षं लागतात, तोवर सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव मातीत. खिळेभाऊ, तुमचा लासलगावचा दाखला मला व्यापाऱ्यांपेक्षा शेतकऱ्यांना जास्त लागू वाटतो.

गंजका खिळा

आयडाहोभाऊ, मान्य. माझे मामा निफाडचे. ज्या वर्षी भाव मिळतो त्याच्या पुढच्या वर्षी अख्खा तालुका कांदा लावतो, दरवर्षी सांगून झालं तरी लावतो. पण कांदा चाळीत चार-सहा महिने ठेवता येतो, चिप ठेवता येते का?

होकायंत्र

ठेवता येते, सडत नाही. पण तिची किंमत सडते, कारण तोवर नवीन पिढीची चिप त्याच जागेत जास्त जीबी बसवते. आणि हो, कारखाना कमी चालवला तरी मशीनचा घसारा चालूच. कांदा निदान नांगरून टाकता येतो.

शेवग्याची शेंग

त्याच जागेत जास्त जीबी म्हणजे नक्की काय करतात? आमच्यासारख्यांना कळेल असं सांगा.

होकायंत्र

गिरगावात काय झालं? बैठ्या चाळी पाडल्या आणि टॉवर आले. तेच. आधी फ्लॅशचे सेल सपाट जमिनीवर शेजारी शेजारी असायचे, ते लहान करत करत इतके जवळ आले की भिंतीतून शेजाऱ्याचं ऐकू यायला लागलं, म्हणजे एका सेलमधला चार्ज दुसऱ्याला त्रास द्यायला लागला. मग 2013 मध्ये सॅमसंगने 24 मजली चिप बाजारात आणली. आज हायनिक्स 321 थरांची बनवते.

आणि याने पुरवठादारांची पूर्ण उतरंड बदलली, हे फारसं कुणी सांगत नाही. चिप म्हटलं की लोक हॉलंडच्या त्या प्रकाशाने रेघा मारणाऱ्या महागड्या मशीनबद्दल बोलतात. फ्लॅशमध्ये आता बारीक रेघ मारणं ही मुख्य अडचणच नाही. शेकडो थर एकावर एक पसरायचे आणि मग वरपासून खालपर्यंत अब्जावधी भोकं पाडायची, सरळ, वाकडं न होता, वर जेवढं रुंद तेवढंच खाली. बोअरवेलवाल्याला विचारा, पहिले पन्नास फूट कुणीही मारतो. ही भोकं पाडणारी मशीनं बनवण्यात अमेरिकेची लॅम रिसर्च बऱ्याच वर्षांपासून पुढे, आता जपानची टोकियो इलेक्ट्रॉन तिच्या मागे लागली आहे, दोघेही वेफर प्रचंड थंड करून भोक पाडायच्या तंत्रावर. म्हणजे तुमच्या त्या "वर"च्याही वर आणखी एक मजला आहे. सॅमसंग असो की मायक्रॉन, सगळ्यांचा बोअरवेलवाला जवळपास तोच.

सदाशिव_पेठी

आणि त्याच्याही वर. वेफरचं सिलिकॉन मुख्यतः शिन-एत्सु आणि सुमको या दोन जपान्यांकडून. चिप पातळ घासणारी आणि कापणारी मशीनं डिस्कोची. ही डिस्को 1937 मध्ये हिरोशिमाजवळ कुरे इथे घासायची चाकं बनवणारा छोटा कारखाना म्हणून सुरू झाली. नाचायचा संबंध नाही.

2019 च्या जुलैत जपान-कोरियाचं बिनसलं तेव्हा जपानने फक्त तीन रसायनांच्या निर्यातीवर बंधनं आणली, त्यातलं एक हायड्रोजन फ्लोराइड, आणि अख्ख्या कोरियाच्या चिपवाल्यांची झोप उडाली. एवढे मोठे सॅमसंग, हायनिक्स, आणि नाडी कुणाच्या हातात तर ॲसिडवाल्याच्या.

कंटाळेश्वर

म्हणजे अमेरिकेने चीनचा गळा पण असाच आवळला ना?

सदाशिव_पेठी

हो. वायएमटीसी 2016 मध्ये वुहानला सुरू झाली आणि सहा वर्षांत इतकी पुढे आली की ॲपल तिच्या चिपा घेणार अशा बातम्या होत्या. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने नियम आणले, मशीनवाल्यांना आपली माणसं तिथून काढून घ्यावी लागली, डिसेंबरात कंपनी काळ्या यादीत. ॲपलचं बारगळलं. मग मे 2023 मध्ये चीनने मायक्रॉनवर आपल्या महत्त्वाच्या यंत्रणांसाठी बंदी घातली. फिट्टंफाट.

पण वायएमटीसी मेली नाही. मेमरीचा भाग एका वेफरवर आणि तिला चालवणारं सर्किट दुसऱ्या वेफरवर बनवून दोन्ही चिकटवायची तिची पद्धत आता इतरांनाही करावी लागते आहे. 2025 मध्ये तर सॅमसंगने त्याचं लायसन्स वायएमटीसीकडून घेतल्याची बातमी होती. 1992 मध्ये तोशिबाकडून लायसन्स घेणारं सॅमसंग!

पापडखार

मला एक सांगा, योक्काइचीत लाइट जातात का?

होकायंत्र

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. 15 जून 2019, वीज गेली 13 मिनिटं. फक्त तेरा. वेस्टर्न डिजिटलने जाहीर केलं की त्यांच्या वाट्याचा सुमारे 6 एक्साबाइटचा माल हातचा गेला, म्हणजे 1 टीबीच्या 60 लाख एसएसडी. वेफर कारखान्यात दोन-तीन महिने फिरत असतं, मधल्या कुठल्याही टप्प्यावर भट्टी किंवा गॅस बंद पडला की ते गेलं. 2022 च्या फेब्रुवारीत वीज नव्हती गेली, काही सामग्रीत भेसळ निघाली, त्यात त्यांनी किमान साडेसहा एक्साबाइट सांगितले.

पापडखार

13 मिनिटं! आमच्याकडे तेवढ्या वेळात फक्त "लाइट गेली का हो तुमच्याकडे पण" एवढंच विचारून होतं.

मोगरा

तरीच गुजरातला गेला कारखाना.

चाकणचा चाकरमानी

मोगराताई, साणंदला मायक्रॉनचं जे आहे ते वेफरचा कारखाना नाही हे आधी स्पष्ट करू या, दर वेळी यावरून भांडणं होतात. वेफर बाहेरून येणार, इथे कापणं, पॅकिंग, टेस्टिंग. 2023 मध्ये जाहीर झालं, एकूण 275 कोटी डॉलर, त्यात मायक्रॉनचे स्वतःचे जास्तीत जास्त साडेब्याऐंशी कोटी, बाकी सरकारचे, एकूण खर्चाचा निम्मा केंद्र आणि 20 टक्के गुजरात सरकार. काम चांगलंच आहे, पण त्यामुळे खिळेसाहेबांना मिरजेत स्वस्त मिळेल असं नाही, माल त्यांच्या जगभरच्या रांगेतच जाणार.

बटाटेवडा_आयडाहो

त्या मायक्रॉनचे प्रमुख संजय मेहरोत्रा मूळचे कानपूरचे, आणि 1988 मध्ये सॅनडिस्क सुरू करणाऱ्या तिघांपैकी एक तेच. म्हणजे आधी एक घर बांधलं, आता समोरच्या घराचे कर्ते.

शेवग्याची शेंग

हे सगळं ठीक, पण आत्ता भाव का चढलेत ते राहिलंच की.

चाकणचा चाकरमानी

वर येऊन गेलं तुकड्या-तुकड्यात. 2023 च्या माराने सगळे दबकून होते, नवीन कारखान्यात पैसा घालायला फारसं कुणी तयार नव्हतं. त्यात एआयच्या डेटा सेंटरवाल्यांची भूक. ते मोठ्या एसएसडी हव्या तेवढ्या उचलतात, लांबचे करार करतात. पुरवठादाराने पुढच्या रांगेत कुणाला बसवायचं? डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ गिऱ्हाइकाचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, फेब्रुवारीपर्यंत माल देऊ आणि संपलं. म्हणजे चिप स्वतःची, ब्रँड स्वतःचा, तरी दुकानात विकणं परवडत नाही.

गंजका खिळा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढं उत्तर अपेक्षित नव्हतं. काल रात्री बायकोला हे वाचून दाखवलं, ती म्हणाली मग आपण कितव्या रांगेत? मोजलं. भोक पाडणारा, वेफरवाला, चिपवाला, पॅकिंगवाला, ब्रँड, इम्पोर्टर, पुण्याचा डिस्ट्रिब्युटर, सांगलीचा डीलर, मी. नववा. आणि दहावा तो गिऱ्हाईक, ज्याला सगळ्यात आधी राग येतो आणि तो सगळा माझ्यावर निघतो.

कांद्याचं माझं मत मागे घेतो. अर्धं.

एक शंका उरली. आज सकाळी डीलरचा फोन आला, 512 जीबीचे वीस पीस आलेत, ब्रँडचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही, रेट बरा आहे, अकरा वाजेपर्यंत सांगा. घेऊ का?

होकायंत्र

एक घ्या. उघडा. कंट्रोलर आणि चिपवरच्या नंबरचा फोटो इथे टाका. मग एचटूटेस्टडब्ल्यू चालवा.

चाकणचा चाकरमानी

आणि बिल पक्कं घ्या, जीएसटीसकट.

गंजका खिळा

उशीर झाला. साडेदहालाच एकाने वीसच्या वीस उचलले म्हणे.

तिठ्यावरचा

माझा मेव्हणा नसेल ना?